फ्रेडीच्या ऐंशीसाठी पाचगणीतला बंगला: राहून पाहिला, सांगते

बंगल्याचं नाव इथे लिहीत नाही. मालकांशी भाड्याची घासाघीस अजून चालू आहे, आणि आमच्या गरजेचा अंदाज घेऊन त्यांनी आकडा चढवावा अशी माझी मुळीच इच्छा नाही. आमच्या चाहत्यांच्या ग्रुपातल्या मंडळींना नाव ठाऊक आहे. बाकीच्यांनी एवढंच समजा: पाचगणीच्या बाजारापासून चालत दहा-बारा मिनिटांवर, सिल्व्हर ओकच्या रांगेमागे, जांभ्या दगडाचा आणि पत्र्याच्या छपराचा जुना बंगला. पाच खोल्या, मधे लांबलचक हॉल, पुढे व्हरांडा. जुलैतल्या एका शनिवार-रविवारी आम्ही काही जण तिथे मुद्दाम राहून आलो. सप्टेंबरात पंचवीस माणसं न्यायची तर फोटो बघून पैसे भरायचे नाहीत, एवढी अक्कल वयानुसार आली आहे.

निमित्त असं की क्वीन या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फरोख बलसारा ऊर्फ फ्रेडी मर्क्युरी याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, झांझिबारचा. म्हणजे यंदा ऐंशी. माणूस २४ नोव्हेंबर १९९१ ला गेला, पण म्हणून ऐंशी चुकते का? आमच्यातल्या एका काकांनी सहस्रचंद्रदर्शन करू या म्हणून सूचना मांडली. त्याला ऐंशी वर्षं आठ महिने व्हावे लागतात, म्हणजे पुढच्या वर्षीचा मे, हे दुसऱ्याने दाखवून दिलं. मे महिन्यात पाचगणीत खोल्यांचे भाव काय असतात हे तिसऱ्याने सांगितलं आणि तो विषय तिथेच संपला.

यंदा ५ सप्टेंबर शनिवारी येतो. मी वाईला ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते, त्यामुळे दर वर्षी या दिवशी मला एक गुलाब, एक पेन आणि तीन भाषणं मिळतात. या वेळी गुलाब पर्समध्ये टाकून थेट पसरणीचा घाट चढायचा. वाईची आहे म्हणून जागा बघण्यापासून भाकऱ्या मोजण्यापर्यंत सगळं माझ्याच गळ्यात पडलंय, ते वेगळं.

पाचगणीच का, हे चाहत्यांना सांगावं लागत नाही, घरच्यांना सांगावं लागतं. आमच्या घरात दर वर्षी कोणीतरी विचारतं, "तो इंग्रज ना?" तर नाही. पारशी. आठव्या वर्षी झांझिबारहून बोटीने मुंबईला आणि तिथून इथे, सेंट पीटर्स शाळेच्या वसतिगृहात. सुट्टीत मुंबईला आजी आणि मावशीकडे. पियानोच्या चौथ्या ग्रेडपर्यंतच्या परीक्षा त्याने इथेच दिल्या, आणि 'फ्रेडी' हे नावही इथल्याच पोरांनी पाडलं. आमच्यातले काही जण स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोला जाऊन आलेत, जिनिव्हा सरोवराच्या काठी १९९६ पासून त्याचा पुतळा आहे आणि दर सप्टेंबरला तिथे जगभरचे चाहते जमतात. झांझिबारला २०१९ पासून संग्रहालय आहे. पाचगणी मात्र आपल्याला एस.टी.ने गाठता येते.

आता बंगला.

मालक जाहिरातीत सगळ्यात वर काय लिहितात? 'फ्रेडी मर्क्युरी यांनी वाजवलेला पियानो.' आणि भाड्याचं बोलणं निघालं की त्या पियानोपासूनच सुरुवात करतात. पियानो आहे, खोटं नाही. हॉलच्या कोपऱ्यात उभा, काळा, वर क्रोशाचं झाकण, झाकणावर प्लास्टिकची फुलं. मालकांचं म्हणणं असं की शाळेतला हा मुलगा रविवारी इथल्या तेव्हाच्या पारशी बाईंकडे चहाला यायचा आणि तासन्‌तास वाजवत बसायचा. सांगतात छान. डोळे मिटून ऐकलं तर विश्वास बसेल.

पण आमच्यात डोंबिवलीचा एक मुलगा आहे, त्याला कोणतीही गोष्ट उघडून बघायची खोड. त्याने फुलं बाजूला ठेवली, झाकण उचललं, मोबाईलचा टॉर्च आत मारला आणि आम्हाला हाक मारली. आत लाकडाला चार स्क्रूंनी ठोकलेली पितळी पट्टी होती. मुंबईच्या एका दुकानाचं नाव, खाली पत्ता, आणि पत्त्यापुढे सहा आकडी पिनकोड. पट्टीच्या कडेला हिरवट गंज, पण आकडे स्वच्छ वाचता येतात. आपल्याकडे पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ ला. फ्रेडीने पाचगणी सोडली साठच्या दशकाच्या सुरुवातीला. १९६४ मध्ये झांझिबारात क्रांती झाली आणि बलसारा कुटुंब लंडनजवळ फेल्थमला राहायला गेलं. ७२ साली हे महाशय लंडनच्या स्टुडिओत क्वीनचा पहिला अल्बम रेकॉर्ड करत होते. तेव्हा हा पियानो ज्याने कोणी वाजवला असेल त्याने.

मालकांना पट्टी दाखवली. ते जरा वाकले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "मग याच्या आधीचा पियानो असेल."

फ्रेडीचा खराखुरा, कागदपत्रांसकटचा पियानो, म्हणजे १९७५ मध्ये घेतलेला यामाहाचा बेबी ग्रँड, २०२३ च्या सप्टेंबरात लंडनला सदबीजच्या लिलावात सतरा लाख पौंडांच्या वर गेला. तसला तुमच्याकडे असता तर तुम्ही खोल्या भाड्याने दिल्या असत्या का, हे तोंडाशी आलं होतं. गिळलं. चहा चांगला होता.

तेव्हा जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा: पियानोचे वेगळे पैसे द्यायचे नाहीत. वाजवायलाही तो फारसा उपयोगाचा नाही. मधल्या सप्तकातल्या चार-पाच पट्ट्या दाबल्या की खालीच बसतात, नखाने उचलून वर आणाव्या लागतात. पाचगणीचा पावसाळा लाकूड आणि नमदा फुगवतोच. पियानोवर फोटो काढून घ्या, पण खाली 'फ्रेडीचा पियानो' असं लिहून टाकू नका. उद्या तेच कोणीतरी आपल्याच क्विझमध्ये उत्तर म्हणून देईल.

यापेक्षा किती तरी चांगल्या गोष्टी या बंगल्यात आहेत, आणि त्यांचा मालकांना पत्ताच नाही. पहिली म्हणजे हॉल. उंच आढं, लाकडी तक्तपोशी, खाली जुनी शहाबादी फरशी. पंचवीस माणसं सतरंजीवर आरामात बसतील, मागे खुर्च्यांची एक रांगही मावेल. गुडघ्यांचा विचार करता ती रांग आधी भरणार आहे. एका टोकाला पांढरी भिंत आहे, खिळा-तसबीर काही नाही, प्रोजेक्टर थेट मारता येतो. पडदा न्यायची गरज नाही. व्हरांड्यात टेबल टेनिसचं टेबल आहे. जाळी फाटकी, पण टेबल सपाट. फ्रेडी शाळेत टेबल टेनिस उत्तम खेळायचा, तेव्हा स्पर्धा ठेवायला निमित्तही शोधावं लागत नाही. जाळी मी वाईहून आणते.

आवाजाचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण शेवटी आपण गाणी ऐकायला जमतोय. बंगल्याची 'साउंड सिस्टिम' म्हणजे चाकांवरचा तो उंच स्पीकर, ज्यात लाल-निळे दिवे लागतात. हळदीच्या कार्यक्रमाला झकास. पण क्वीनच्या गाण्यांत एकावर एक चढवलेले आवाज असतात, तिघांनी पुन्हा पुन्हा गाऊन थर रचलेले. ते या डब्यातून ऐकले की सगळ्याचं पिठलं होतं. बेस तर असा घुमला की बँडमध्ये बेस वाजवणाऱ्या जॉन डीकनशिवाय कोणी नव्हतंच असं वाटावं. आमच्यातले सातारचे एक गृहस्थ स्वतःचा ॲम्प्लिफायर आणि दोन लाकडी स्पीकर घेऊन आले होते. कोपऱ्यातून पुढे ओढून, समोरच्या भिंतीला दोन गाद्या उभ्या टेकवून त्यांनी जे लावलं, त्यात ब्रायन मेची गिटार डावीकडून उजवीकडे जाताना कळली. सप्टेंबरलाही हीच व्यवस्था. गाद्या कोणी झोपायला ओढून न्यायच्या नाहीत, कार्यक्रम संपेपर्यंत.

मग संध्याकाळी चाचणी म्हणून लाइव्ह एडचं, म्हणजे दुष्काळग्रस्तांच्या मदतीसाठी झालेल्या त्या मोठ्या मैफलीचं, चित्रण लावलं. १३ जुलै १९८५, लंडनचं वेम्बली स्टेडियम, क्वीन मंचावर आले ते संध्याकाळी ६ वाजून ४१ मिनिटांनी. आम्हीही बरोबर ६:४१ ला सुरू करायचं ठरवलं. यावर नाशिकवाल्यांनी वाद घातला की तेव्हा भारतात रात्रीचे ११:११ झाले होते, त्यामुळे खरी वेळ तीच. हा वाद अजून मिटलेला नाही, पण रात्री दहानंतर स्पीकर लावता येत नाही, त्यामुळे कायद्याने निकाल माझ्या बाजूने लागला आहे.

तर ६:४१. पहिलं गाणं झालं, दुसरं सुरू झालं, सत्तर हजार माणसांच्या टाळ्या डोक्यावर, आमच्याही, आणि लाईट गेली. इन्व्हर्टरवर दिवे आले, प्रोजेक्टर मेलेला तो मेलेलाच. बंगला सांभाळणारे काका कंदील घेऊन दारात आले. म्हणाले, "दिवं चालत्याल, पंखं चालत्याल, तुमचं ते न्हाई चालायचं." त्या अंधारात आमच्यातल्या एकाने, फ्रेडी प्रेक्षकांकडून म्हणवून घ्यायचा तसं, "एऽऽओ" दिलं, सगळ्यांनी परत केलं. तिसऱ्या वेळी कुंपणापलीकडच्या बंगल्यातल्या पर्यटकांनीही परत केलं. त्यांचा सूर आमच्यापेक्षा बरा होता. लाईट तासाभराने आली.

हे एकदा गमतीचं. पंचवीस माणसं लांबून आलेली असताना नाही. मालकांना मी सरळ सांगितलंय की जनरेटर हवा, तुमच्या खर्चाने, आणि मागच्या बाजूला, स्वयंपाकघराच्या पलीकडे. ते म्हणतात सप्टेंबरात पाऊस कमी होतो, लाईट जात नाही. मी वाईची आहे. मला सप्टेंबरातल्या लाईटचं सांगू नका.

जेवण. इथे मी एकही गुण कापणार नाही. बंगल्यावर स्वयंपाक करणाऱ्या काकूंच्या हातचं वाघ्या घेवड्याचं कालवण, ज्वारीची भाकरी, वर लसणाचा ठेचा. घेवडा शिजून फुटलेला नाही आणि दाताला लागतही नाही, कालवण पातळ पण पाणचट नाही. कोल्हापूरकरांनी तिखटावरून नाक मुरडण्याचा प्रयत्न केला आणि चौथी भाकरी मागितली. मालकांच्या छापील मेनूकार्डावर 'बार्बेक्यू पॅकेज' आहे, ते घेऊ नका, पावसाळ्यात कोळसा पेटवण्यातच रात्र जाते. 'फ्रेश स्ट्रॉबेरी विथ क्रीम' तर मुळीच नको. स्ट्रॉबेरी हिवाळ्यापासून मार्च-एप्रिलपर्यंतची. जुलैत जे 'फ्रेश' आलं ते फ्रीझरमधून आलं होतं.

वाढदिवसाच्या जेवणाला धनसाक, म्हणजे डाळीत शिजवलेलं मटण, करायचं असं आमचं जवळपास ठरलं होतं. पारशी मुलगा, पारशी जेवण, सोपा हिशोब. पुण्याच्या कॅम्पातल्या आमच्या आंटी, स्वतः पारशी, हे ऐकून हातातला कप खाली ठेवून म्हणाल्या, "अरे गांडा (गुजरातीत वेड्या), बर्थडेला धनसाक? कोणी मेलं काय?" पारशी घरात माणूस गेल्यावर चौथ्या दिवशी धनसाक करतात, शुभकार्याला करत नाहीत. वाढदिवसाला सकाळी रवो आणि सेव (गोड शेवया), बरोबर गोड दही. जेवायला साली बोटी, म्हणजे मटण आणि वर तळलेल्या बटाट्याच्या सळ्या. मग असं ठरलं की रवो आणि सेव आंटी काकूंबरोबर उभं राहून करतील, साली बोटीसाठीच्या सळ्या पुण्याहून येतील, आणि शाकाहारी मंडळींना घेवडा आहेच. काकूंनी रव्याची कृती ऐकून घेतली, मग म्हणाल्या, "म्हंजी शिराच की ओ." आंटींनी तेवढं ऐकून घेतलं नाही, पुढे अर्धा तास त्या दोघींचं चाललं होतं.

खोल्यांबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. चादरी धुतलेल्या, गाद्यांना ओलसर वास. गरम पाणी सकाळी सात ते नऊ आणि नंतर काकांच्या मर्जीवर. दोन न्हाणीघरांचे दरवाजे फुगलेत, खांदा लावावा लागतो. मोबाईलला रेंज व्हरांड्याच्या डाव्या टोकालाच, त्यामुळे ज्यांना घरी फोन करायचाय ते सगळे एकाच खांबाभोवती उभे दिसतात.

क्विझची रंगीत तालीमही तिथेच झाली. मी प्रश्न काढले होते, आणि निम्मे लोक पहिल्याच प्रश्नात आपटले: द हेक्टिक्समध्ये मुख्य गायक कोण? सगळ्यांनी एका सुरात "फ्रेडी". चूक. सेंट पीटर्समधल्या त्या पोरांच्या बँडमध्ये फ्रेडी पियानोवर होता. गायचा ब्रूस मरे. डेरिक ब्रांच गिटारवर, तो पुढे ब्रिटनमध्ये नट झाला. ड्रमवर व्हिक्टरी राणा, तो नेपाळच्या सैन्यात जनरल झाला आणि सायप्रसमधल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा प्रमुखही. आणि चहाच्या खोक्याला दांडा आणि तार लावून बनवलेला बेस वाजवायचा फरांग इराणी, ज्याचं पुण्यातलं बाउंटी सिझलर्स आपल्यातल्या निम्म्या पुणेकरांनी खाल्लंय, तो कोण होता हे न कळता. एका बँडमधून जनरल, नट, सिझलरवाला आणि फ्रेडी. गाण्याच्या बाबतीत यांचं काय होणार हे तेव्हाच्या मास्तरांना विचारायला हवं होतं.

क्वीनच्या चिन्हाचा प्रश्नही घेतला. ते फ्रेडीनेच काढलं, लंडनच्या ईलिंग कॉलेजात तो ग्राफिक कला शिकला होता. चौघांच्या राशी त्यात आहेत: दोन सिंह म्हणजे डीकन आणि ड्रमर रॉजर टेलर, खेकडा म्हणजे मे, आणि कन्या राशीचा स्वतः फ्रेडी म्हणून दोन पऱ्या. आंटी सोडून कोणालाही खेकडा कोणाचा हे आलं नाही.

हेच चिन्ह फ्लेक्सवर छापून घ्यायला मी वाईत गेले होते. फ्लेक्सवाल्याने पिवळ्या जाकिटातला फ्रेडीचा फोटो बघितला, मिशी बघितली, वर उगारलेली मूठ बघितली आणि विचारलं, "मॅडम, साहेब कुठल्या वॉर्डातनं उभे आहेत?" नमुन्याच्या फ्लेक्सवर त्याने आपणहून खाली 'शुभेच्छुक' लिहून आमच्या सगळ्यांच्या फोटोंसाठी गोल सोडले आहेत. ग्रुपात मतदान घेतलं. गोल ठेवायचे असं ठरलं. पासपोर्ट फोटो पाठवा.

शाळेबद्दल एकदाच, कडक शब्दांत. सेंट पीटर्स ही चालू शाळा आहे, आत पोरं राहतात. परवानगी मिळाली तर ठरल्या वेळी, ठरल्या माणसांनी, शांतपणे जायचं. नाही मिळाली तर रस्त्यावरून बघायचं आणि पुढे टेबललँडच्या पठारावर जायचं. फाटकाशी उभं राहून टाळ्या, घोषणा, रील काहीही नको. त्या दिवशी गावात दहीहंडी असणार, आवाजाची हौस तिथे फेडून घ्या. महाबळेश्वर-पाचगणीचा हा सगळा पट्टा २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तेव्हा फुगे, थर्माकोल आणि कागदी चमकी घरीच ठेवायची.

भाडं: पूर्ण बंगल्याचे एका रात्रीचे बावीस हजार सांगितलेत, जेवण वेगळं. पिनकोडच्या पट्टीनंतर वीस झाले. मी अठरावर अडून आहे, जनरेटरसकट. अठराला मिळाला तर घ्यावा असं माझं मत आहे, विसालाही हॉल आणि काकूंसाठी घेईन, बावीसला नाही. त्या भावात वाईत कृष्णेच्या काठी कोरड्या गाद्यांचं कार्यालय मिळतं, आणि तिथली लाईट माझ्या ओळखीची आहे.

पाच तारखेला दुपारी चारपर्यंत पोचा. पुण्याहून स्वारगेट-महाबळेश्वर गाडी धरली की पाचगणीच्या स्टँडवर उतरता येतं, तिथून काका जीप घेऊन येतील, पण दोनच फेऱ्या मारणार. गाडीने येणाऱ्यांनी पसरणीचा घाट उजेडात चढावा, धुक्यात पुढची गाडी तिचा लाल दिवा पेटल्यावरच दिसते. टॉर्च, स्वेटर आणि स्वतःचा टॉवेल आणा. घोरणाऱ्यांनी आपली नावं आधीच कळवा, मागची स्वयंपाकघराशेजारची खोली त्यांच्यासाठी राखून ठेवली आहे.